शिक्का कुणाचा, जबाबदारी कुणाची?

1998 च्या जानेवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेल्सी गावाला रात्रीच्या वेळी टॉर्नेडोने झोडपलं. शेकडो घरांची कौलं, धुराडी, खिडक्या गेल्या. मग गावात अनोळखी माणसं दारोदार फिरू लागली. छप्पर नीट करून देतो म्हणायचं, उचल घ्यायची आणि काम कसंबसं उरकून पसार व्हायचं, असे प्रकार घडले. ते पाहून केव्हिन बर्न या गृहस्थांना एक कल्पना सुचली. ज्यांची आधी चौकशी केलेली आहे आणि ज्यांच्या कामावर गिऱ्हाइकांनी लेखी मत दिलेलं आहे, अशाच कारागिरांची यादी छापायची. तीच पुढे ‘चेकअट्रेड’ झाली. 2017 मध्ये ती ‘होमसर्व्ह’ने घेतली आणि 2023 मध्ये होमसर्व्हच ‘ब्रुकफील्ड’ या कॅनेडियन गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेली.

ब्रिटनमध्ये अशा याद्या आता ढिगाने आहेत. ‘विच?’ या ग्राहक संस्थेची ‘ट्रस्टेड ट्रेडर्स’, ‘मायबिल्डर’, ‘रेटेड पीपल’, सरकारचा पाठिंबा असलेली ‘ट्रस्टमार्क’, स्थानिक ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्यांची ‘बाय विथ कॉन्फिडन्स’. लंडन, स्लाव, रेडिंगकडे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही मागच्या बाजूला एखादी खोली वाढवायची किंवा न्हाणीघर नव्याने करायचं म्हटलं की हीच दारं ठोठवावी लागतात. गावाकडे असते तशी ओळखीपाळखीची साखळी तिथे नसते. म्हणून प्रश्न साधा पण हजारो पौंडांचा आहे. व्हॅनवर शिक्का असलेला माणूस घरात घेतला, तर आपण खरंच सुरक्षित होतो का?

माझं उत्तर आधीच सांगतो. उघड भामट्याला दूर ठेवायला हे शिक्के बऱ्यापैकी कामाला येतात. वाईट काम, अर्धवट काम आणि बुडालेला ठेकेदार या तीन संकटांत त्यांचा आधार फार तोकडा आहे. आणि घरमालकाचं कंबरडं मोडतं ते बहुतेकदा या तिघांमुळेच.

मुळात ब्रिटनमध्ये असे शिक्के उगवले का, याचं कारण कायद्यात आहे. तिथे बिल्डर म्हणून काम करायला परवाना लागत नाही. आज कुणीही एक व्हॅन घ्यावी, तिच्यावर नाव रंगवावं आणि उद्यापासून लोकांच्या भिंती पाडायला सुरुवात करावी. बांधकामाच्या नियमांचं पालन झालं की नाही, हे पाहणारी ‘बिल्डिंग कंट्रोल’ची व्यवस्था आहे, पण ती काम पाहते, माणसाची लायकी ठरवत नाही. ‘फेडरेशन ऑफ मास्टर बिल्डर्स’ ही 1941 पासूनची व्यावसायिकांची संघटनाच परवाना सक्तीचा करा म्हणून सरकारच्या मागे लागलेली आहे. परवान्याची ही मोकळी जागा खासगी याद्यांनी भरून काढली.

अर्थशास्त्रात या अडचणीची चांगली चिकित्सा झालेली आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की मालाचा कस विकणाऱ्याला कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही तेव्हा चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो. या विचारासाठी 2001 मध्ये त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पण जुनी मोटार निदान दोन महिने चालवली की कळते. डार्बी आणि कार्नी या दोघांनी 1973 मध्ये आणखी अवघड प्रकार वेगळा काढला: घेऊन, वापरूनही ज्याचा कस गिऱ्हाइकाला ठरवता येत नाही अशा सेवा. डॉक्टरचं निदान, मोटारीची दुरुस्ती आणि घराचं काम ही त्याची ठळक उदाहरणं. वायर योग्य जाडीची घातली का, फरशीखाली वॉटरप्रूफिंगचे दोन थर दिले की एकच, तुळई भिंतीत पुरेशी आत टेकवली का, हे सगळं गिलाव्याआड जातं. गिऱ्हाइकाला दिसतो तो वरचा रंग.

म्हणून गिऱ्हाईक तिसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांवर भिस्त ठेवतं. तेव्हा पहिला प्रश्न हा, की त्या तिसऱ्याचा पगार कोण देतं.

बहुतेक याद्यांमध्ये तो कारागीर देतो. चेकअट्रेडसारख्या ठिकाणी सभासद-वर्गणी असते, मायबिल्डरसारख्या ठिकाणी कामाची संधी मिळाली की शुल्क. घरमालकाला सगळं फुकट. यात बेकायदा काही नाही, पण यादी वाढली की उत्पन्न वाढतं आणि सभासद काढून टाकला की घटतं, हे गणित चालकांच्या डोक्यावर कायम टांगलेलं असतं. अमेरिकेत याचा उलटा प्रयोग झाला होता. 1995 मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात अँजी हिक्स आणि बिल ओस्टर्ली यांनी ‘अँजीज लिस्ट’ सुरू केली, तेव्हा मतं वाचण्यासाठी घरमालक पैसे भरत. यादीत नाव यायला कारागिराने पैसे द्यायची गरज नव्हती. पण फुकटच्या स्पर्धकांपुढे हे टिकेना. 2016 मध्ये वाचन मोफत झालं आणि पुढच्याच वर्षी ‘होमअ‍ॅडव्हायझर’बरोबर विलीनीकरण झालं. या होमअ‍ॅडव्हायझरवर 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. गिऱ्हाइकांच्या चौकश्या किती पक्क्या आहेत याबद्दल कारागिरांनाच खोटं सांगून त्या विकल्या, असा आरोप होता. 2023 च्या जानेवारीत 72 लाख डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा आदेश निघाला. म्हणजे यादीवाल्याकडून फसण्याची पाळी नेहमी घरमालकाचीच असते असं नाही.

शिक्का विकत घ्यायला सर्वांत उत्सुक कोण असतं, याचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, जरी तो घरकामाबद्दल नाही. बेंजामिन एडलमन यांनी इंटरनेटवरच्या ‘ट्रस्टई’ या विश्वासाच्या शिक्क्याची छाननी केली. शिक्का मिळवलेल्या संकेतस्थळांमध्ये अविश्वासू निघण्याचं प्रमाण शिक्का नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होतं. प्रवेशाची चाळण सैल असली की असं होणारच. ज्याचं नाव चांगलं आहे त्याला शिक्क्याची निकड नसते. ज्याला नाव नाही तो मात्र पैसे मोजायला तयार असतो.

ब्रिटिश सरकारला याची झळ आधीच बसली होती. सन 2000 च्या सुमारास त्यांनी बर्मिंगहॅम आणि सॉमरसेट इथे ‘क्वालिटी मार्क’ नावाची योजना प्रायोगिक तत्त्वावर आणली. भामट्या बिल्डरांना आळा घालणं हाच तिचा उद्देश होता. फार थोडे बिल्डर तिकडे फिरकले आणि 2004 च्या अखेरीस ती गुंडाळावी लागली. कारण समजायला अवघड नाही. ज्या बिल्डरकडे पुढचे सहा महिने काम आहे, त्याने तपासणीचा आणि शुल्काचा व्याप कशासाठी ओढवून घ्यायचा? चाळण कडक ठेवली तर यादी रिकामी राहते, सैल केली तर यादी भरते पण तिला वजन राहत नाही. ऐच्छिक योजनेची ही कोंडी कुणालाही धड सोडवता आलेली नाही.

आता शिक्क्यामागे नेमकं काय तपासलेलं असतं ते पाहू. साधारणपणे ओळखपत्र, पत्ता, कंपनीची नोंद, आर्थिक अडचणींचा इतिहास, काही जुन्या गिऱ्हाइकांचे हवाले आणि विमा. हे सगळं उपयोगी आहेच. सेल्सीत आलेले भुरटे या चाळणीतून बहुधा गळाले असते. पण ही तपासणी प्रामुख्याने कागदांची असते. त्या माणसाने घातलेल्या फरशीवर कुणी पाणी ओतून उतार पाहिलेला असतोच असं नाही.

विम्याबद्दलचा गैरसमज तर फार खोलवर रुजलेला आहे. जाहिरातीत ‘20 लाख पौंडांचा पब्लिक लायबिलिटी विमा’ असं ठळक लिहिलेलं असतं. घरमालकाला वाटतं, काम बिघडलं तर विमा भरून देईल. तो विमा असतो तो कामगाराच्या हातून वीट पडून शेजाऱ्याचं डोकं फुटलं किंवा पाइप फुटून खालच्या घरात पाणी गेलं तर. काम मुळात वाईट झालं, ते उखडून पुन्हा करायचं, हा खर्च या विम्यात सहसा बसत नाही.

दुसरा कागद म्हणजे विम्याचं पाठबळ असलेलं हमीपत्र. खिडक्या, छप्पर, इन्सुलेशन अशा कामांवर दहा वर्षं, पंचवीस वर्षं अशी भरघोस मुदत लिहिलेली असते. त्यातलं नेमकं कलम वाचावं. अशी पॉलिसी साधारणपणे जागी होते ती ठेकेदाराचा धंदा बंद पडल्यावर: कंपनी दिवाळखोरीत गेली, मालक वारला किंवा निवृत्त झाला तर. ठेकेदार दोन गल्ल्या पलीकडे जिवंत आहे, धंदा करतो आहे, फक्त तुमचा फोन उचलत नाही, अशा वेळी विमा कंपनी म्हणते की त्याच्याकडेच जा. घरमालक दोन्हीकडून लटकतो. आणि चेकअट्रेडची स्वतःची जी हमी आहे तिची मर्यादा एक हजार पौंड आणि मुदत बारा महिने. नळ गळत असेल तर हे ठीक आहे. वाढवलेल्या खोलीचा पाया खचला तर हजार पौंडांत खोदाईही पुरी होत नाही.

राहिली गिऱ्हाइकांची मतं. लोक सर्वांत जास्त विसंबतात ते यांच्यावर. ब्रिटनमध्ये 2024 च्या नव्या ग्राहक कायद्याने खोट्या मतांवर थेट बंदी आणली, ती 6 एप्रिल 2025 पासून लागू झाली. नियम मोडणाऱ्या कंपनीला जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड करण्याचे अधिकार तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला मिळाले. हे स्वागतार्ह आहे. पण खरी मतंही घराच्या कामात कच्ची ठरतात, कारण ती काम संपल्याच्या आठवड्यात लिहिली जातात. तेव्हा गिऱ्हाईक पाहतं ते माणूस वेळेवर आला का, बोलायला कसा होता, जाताना झाडून पुसून गेला का. हे गुण महत्त्वाचे आहेत, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग कसं झालं ते गच्चीच सांगते आणि ती दोन-तीन पावसाळ्यांनंतर सांगते. तोवर पाच तारे देऊन झालेले असतात. वाईट मत लिहायला लोक कचरतात ते वेगळंच. ठेकेदाराला आपलं घर माहीत असतं, काम अजून थोडं बाकी असतं, वकिलाची नोटीस येईल अशी धास्ती असते. ती धास्ती अगदीच निराधार नाही. 2021 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने वकिलांच्या एका फर्मबद्दल इंटरनेटवर लिहिलेल्या मतासाठी त्यांच्या गिऱ्हाइकाला 25,000 पौंड भरायला लावले होते.

या सगळ्याची मोठी आणि दुःखद परीक्षा झाली ती बाहेरून बसवलेल्या इन्सुलेशनच्या कामांत.

इंग्लंडमधली जुनी चाळवजा घरं एकसंध विटांच्या भिंतींची आहेत. मध्ये पोकळी नाही, त्यामुळे ऊब बाहेर जाते. उपाय म्हणून भिंतीला बाहेरून जाड फोमचे किंवा लोकरीसारख्या तंतूंचे तक्ते चिकटवतात, खुंट्यांनी पक्के करतात, वर जाळी आणि गिलावा देतात. भिंत अशी चार इंच पुढे आली की छपराची पाखही पुढे न्यावी लागते, खिडक्यांचे उंबरे वाढवावे लागतात, पन्हळी, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा, बॉयलरचं धुराडं यांची जागा बदलावी लागते. हे खरं कौशल्याचं आणि खर्चाचं काम. ते टाळायचं असेल तर तक्त्यांच्या वरच्या कडेवर धातूची पट्टी ठोकतात आणि फटीत सिलिकॉन भरतात. काम संपलं त्या दिवशी घर नव्यासारखं दिसतं. दोन-तीन हिवाळ्यांत सिलिकॉनला भेगा जातात, पाऊस तक्त्यांच्या मागे उतरतो आणि तिथेच कोंडतो. ओली वीट आता बाहेरून सुकू शकत नाही. मग आतल्या खोल्यांत पोपडे, काळी बुरशी, लहान मुलांचा खोकला. प्रेस्टन शहरातल्या फिशविक भागात 2013 च्या सुमारास सरकारी योजनेखाली साडेतीनशेवर घरांवर असं काम झालं आणि त्याची दुर्दशा झाली. काम करणाऱ्या कंपन्या पुढे बंद पडल्या, हमीचे कागद लोकांच्या हातात राहिले.

त्यानंतर पीटर बॉनफील्ड यांच्याकडे सरकारने चौकशी सोपवली. त्यांचा अहवाल 2016 च्या डिसेंबरात आला. शिफारस अशी होती की एकच भक्कम शिक्का असावा, त्यामागे आचारसंहिता आणि तक्रारीची एक वाट असावी. 2005 पासून चालू असलेली ट्रस्टमार्क या कामासाठी 2018 मध्ये नव्या रूपात उभी केली गेली. सरकारी पैशातून किंवा वीज-गॅस कंपन्यांवर घातलेल्या सक्तीतून होणाऱ्या इन्सुलेशनच्या कामांना तिची नोंदणी अनिवार्य झाली. कागदावर पाहिलं तर गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी याहून जास्त काय करणार असं वाटावं, अशी रचना.

2025 च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा, म्हणजे आपल्या ‘कॅग’सारख्या संस्थेचा, अहवाल आला. त्या सक्तीच्या योजनांखाली बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष असल्याचा अंदाज त्यात आहे. घरांची संख्या 22,000 ते 23,000. आतून इन्सुलेशन केलेल्यांत हेच प्रमाण 29 टक्के. बाहेरून केलेल्या कामांपैकी 6 टक्के घरांत तर तातडीचा धोका होता: उघड्या विद्युतवाहक तारा, बॉयलरचे बुजवलेले झरोके. कारणंही अहवालात दिली आहेत: कामं पोटठेकेदारांकडे जात राहिली, हातात पुरेसं कसब नव्हतं, नियम कुणाला कुठे लागू आहेत याचा गोंधळ होता आणि देखरेख दुबळी होती. गॅस-विजेचं नियमन करणाऱ्या ‘ऑफजेम’च्या अंदाजानुसार 5,600 ते 16,500 घरांबाबतचे दावे खोटे असण्याची शक्यता होती.

98 टक्के हा आकडा वाचून मला आजही धक्का बसतो. कारण हे शिक्का नसलेले भामटे नव्हते. ही नोंदणीकृत, प्रमाणित, ठरलेल्या मानकांनुसार काम करतो म्हणून लिहून दिलेली माणसं होती. दोष बाहेर आले तेही शिक्का देताना झालेल्या छाननीतून आले नाहीत. प्रत्यक्ष घरी जाऊन भिंती तपासल्या तेव्हा आले. नोंदणी एका संस्थेकडे, प्रमाणपत्र दुसरीकडे, पैसा तिसऱ्याचा, हमी चौथ्याची आणि काम पाचव्या पोटठेकेदाराचं, अशी वाटणी झाली की प्रत्येकाला वाटतं बाकीचे बघताहेत.

गॅसच्या कामात मात्र चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनमध्ये घरातल्या गॅसच्या जोडणीला हात लावायचा तर ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असावंच लागतं, 1 एप्रिल 2009 ला या नोंदवहीने जुन्या ‘कॉर्गी’ची जागा घेतली. नाव नसताना काम करणं हा गुन्हा आहे. प्रत्येकाकडे फोटो, क्रमांक आणि मुदत असलेलं ओळखपत्र असतं. ते हातात घेऊन उलटून पाहायचं. पाठीमागे तो माणूस कोणकोणती कामं करायला पात्र आहे त्याची यादी असते. बॉयलर चालेल पण शेगडी नाही, असं असू शकतं. कामाबद्दल तक्रार केली तर निरीक्षक घरी येतो आणि दोषी माणसाचं नाव निघू शकतं, म्हणजे त्याची रोजीरोटी जाते. तरीही हे लक्षात ठेवायला हवं की हा बंदोबस्त जिवाच्या सुरक्षेपुरता आहे. दर जास्त लावला, टाइल्स फोडल्या, तीन आठवडे लावले, यांत ती नोंदवही पडत नाही आणि भरपाईही देत नाही.

पैशाची बाजू इतर देशांनी कशी बांधली हे पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात 3,300 डॉलरच्या वरच्या घरकामाला परवानाधारक ठेकेदार लागतो आणि काम सुरू होण्याआधी त्या कामाचा विमा सरकारी योजनेत भरावा लागतो. ठेकेदार मध्येच सोडून गेला किंवा काम सदोष निघालं तर दावा करता येतो. बांधकामाच्या मूळ मजबुतीशी निगडित दोषांसाठी ही मुदत साडेसहा वर्षांची आहे. कॅलिफोर्नियात ठेकेदारांच्या परवान्याचं मंडळ 1929 पासून आहे. तिथल्या प्रत्येक ठेकेदाराला 25,000 डॉलरचा जामीन ठेवावा लागतो. पण मला तिथला सर्वांत शहाणा वाटणारा नियम आगाऊ रकमेचा आहे. घराच्या कामात ठेकेदाराला कराराच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त उचल मागता येत नाही. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे घेणं, हीच घरमालकाची खरी दुखरी नस आहे. तो नियम तिच्यावरच बोट ठेवतो.

परवान्यालाही किंमत मोजावी लागते. परवाना सक्तीचा केला की कामगार कमी होतात, दर चढतात आणि नव्या माणसाला शिरकाव अवघड होतो. जर्मनीने 2004 मध्ये 53 व्यवसायांतली ‘माइस्टर’ परीक्षेची अट काढली, ती याच तक्रारींमुळे. त्यात फरशी बसवणारेही होते. मग एकेकट्या माणसाच्या फर्म भराभर उगवल्या, शिकाऊ मुलांना तयार करणं घटलं आणि 2020 मध्ये 12 व्यवसायांसाठी ती अट परत आणावी लागली. फरशीवाले त्यात आहेत.

ब्रिटनमधल्या घरमालकाने मग काय करावं? खरं संरक्षण शिक्क्यापेक्षा साध्या कायद्यात आणि पैशांच्या हप्त्यांत आहे. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालंच पाहिजे. नाही झालं तर पुन्हा करून मागता येतं किंवा दर कमी करून घेता येतो. 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं 75 वं कलम तर विशेष उपयोगी आहे. 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीच्या कामात बयाण्याचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डाने थेट ठेकेदाराला दिला, तरी पूर्ण कामासाठी बँकही त्याच्याबरोबर जबाबदार ठरते. इंग्लंड-वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंतचे दावे छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय लढवता येतात. कंपनी कधी नोंदली गेली, तिचे संचालक आधी कोणत्या कंपन्या बंद करून आले, हे ‘कंपनीज हाउस’च्या नोंदीत फुकट दिसतं. एक कंपनी बुडवून त्याच महिन्यात त्याच व्हॅनवर नवं नाव लावणारे तिथे सापडतात. यादीतली पाच ताऱ्यांची मतं वाचण्यात तास घालवण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची.

बिल्डिंग कंट्रोलच्या प्रमाणपत्रावर मात्र भरपाईच्या आशेने विसंबू नये. ‘मर्फी विरुद्ध ब्रेन्टवूड’ या खटल्यात 1990 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, की पायाचा सदोष आराखडा नगरपालिकेने मंजूर केला म्हणून घराच्या घटलेल्या किमतीची भरपाई तिच्याकडून मागता येत नाही. त्या घरमालकाने भेगाळलेलं घर 35,000 पौंड तोट्यात विकलं होतं. तपासणाऱ्याची सही असते, पण पैशांची जबाबदारी तिच्यामागून आपोआप येत नाही, हे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानेच सांगितलेलं आहे.

महाराष्ट्रात नवा फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी ‘रेरा’ आहे. त्या कायद्याच्या 14 व्या कलमाने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर विकासकाने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. पण त्याच फ्लॅटचं किचन फोडून नवं करणारा, गच्चीला वॉटरप्रूफिंग करणारा, फर्निचरचा ठेका घेणारा या कशात येत नाही. त्याच्यासाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि जिल्हा ग्राहक आयोग, हीच मुख्य वाट. इंटरनेटवरच्या ग्राहकमतांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 च्या नोव्हेंबरात ‘आयएस 19000’ हे मानक आणलं, पण काम संपल्याच्या आठवड्यातलं मत कच्चं असतं ही अडचण इथेही तशीच आहे. आपल्याकडे आजवर भिस्त होती ती ओळखीच्या मिस्त्रीवर. त्यात एक खरी ताकद होती. त्याला पुढचं काम त्याच गल्लीत, त्याच सोसायटीत हवं असायचं, त्यामुळे गळती लागली की तो निमूट परत यायचा. पुण्या-मुंबईत ती साखळी वेगाने सुटते आहे आणि तिच्या जागी अ‍ॅपवरचे तारे आले आहेत. ब्रिटन या वाटेवर पंचवीस वर्षं पुढे आहे.

गच्चीच्या कामाला दहा वर्षांची हमी देतो म्हणणाऱ्याला म्हणून हे विचारावं: हमीपत्रावर सही कुणाची, तुमच्या फर्मची की माल बनवणाऱ्या कंपनीची? फर्म बंद झाली तर कोण येणार? माल खराब निघाला तर फक्त डबे बदलून देणार, की मजुरीही? शेवटच्या हप्त्यातले काही पैसे पहिला पावसाळा उलटेपर्यंत अडकवून ठेवायला तयार आहात का? आणि आत्ताच संपवलेलं काम दाखवू नका, तीन-चार पावसाळे खाल्लेली एखादी गच्ची दाखवा. तिथे जाऊन खालच्या मजल्यावरच्या माणसाला, त्याच्या छताकडे बोट दाखवून, विचारावं.